फिरत्या ढालीचं भविष्य

विज्ञानकथाप्रेमींच्या वार्षिक संमेलनात पोशाखांची स्पर्धा होई, प्रश्नमंजूषा होई, पुठ्ठ्याची यानं उडत; पण मानाची स्पर्धा एकच, भविष्यकथनाची. यंदा भविष्य लिहून लखोटा सीलबंद करायचा, पुढच्या संमेलनात फोडायचा. खरं ठरलं तर फिरती ढाल. सलग तीनदा जिंकला त्याची ढाल कायमची.

बावीस वर्षांत कुणाचं काही खरं ठरलं नाही, म्हणून ढाल फिरली नाही. देखभालीच्या सबबीखाली ती कार्यवाहांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात राहिली. येणारेजाणारे विचारत, "तुम्ही मिळवलीत?" कार्यवाह खोटं बोलत नसत. नुसते हसत.

मग एके वर्षी सभागृहाच्या लिफ्टवाल्या बाईंनी, लखोटा उरलाय म्हणून, भाग घेतला. बाकीच्यांनी मंगळावर वसाहती उठवल्या. बाईंनी लिहिलं, 'पुढचं संमेलन पाऊण तास उशिरा सुरू होईल.' झालं. दुसऱ्या वर्षी लिहिलं, 'प्रमुख पाहुणे येणार नाहीत. त्यांचा संदेश वाचतील, तो भलत्याच कार्यक्रमाचा असेल.' संदेश कुक्कुटपालन परिषदेचा निघाला. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

दोन्ही वेळा बाईंचा ढालीसोबत फोटो काढून ढाल कपाटात परत गेली. पण आता तिसरी खेप.  कार्यवाहांनी तातडीची बैठक घेऊन नियम दुरुस्त केला: 'नित्याची घटना म्हणजे भविष्य नव्हे. संमेलनाच्या इतिहासात कधीही न घडलेलीच घटना ग्राह्य धरण्यात येईल.'

"बरं," बाई लिफ्टचं दार ओढत म्हणाल्या, आणि तिसरा लखोटा देऊन मोकळ्या झाल्या.

आत काय असेल? नक्की काहीतरी फजिती. म्हणजे फजितीच होता कामा नये. कार्यवाहांनी कंबर कसली. माईक नऊ वेळा तपासला. पाहुणे सटकू नयेत म्हणून पहाटेपासून त्यांच्या न्हाणीघराबाहेर स्टूल टाकून बसले. आणि दहाच्या ठोक्याला, हो, दहाच्या, ते पाहुण्यांना घेऊन व्यासपीठावर उभे राहिले. समोर बायको, तीन परीक्षक, माईकवाला आणि दारात लिफ्टवाल्या बाई. बाकी तीनशे खुर्च्या रिकाम्या. तरी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हातून एक गोष्ट वेळेवर झाली होती.  चष्मा काढून पुसावा लागला.

पावणेअकराला मंडळी आली, तेव्हा उद्घाटन उरकलेलं होतं.

लखोटा फोडला. 'पुढचं संमेलन दहाच्या ठोक्याला सुरू होईल.'

"कधीही न घडलेली घटना," मुख्य परीक्षक म्हणाले. "नियमात चोख बसते."

"आता कपाटात काय ठेवायचं?" बायकोने विचारलं.

तेवढ्यात पोशाखस्पर्धेसाठी परग्रहवासी झालेले, नखशिखान्त हिरवे दंतवैद्य उठले. "एक मिनिट. आम्ही आलोच नव्हतो, तर सुरू झालं कसं? संमेलन म्हणजे माणसं. माणसं जमली तेव्हा संमेलन सुरू."

सभागृहाला हे एकदम पटलं. उशिरा आलोय असं म्हणवून घेण्यापेक्षा ते फारच सोयीचं होतं. ठराव मांडला गेला, तीनशे हात वर झाले.

"तरी घड्याळ तुमचं आणि इतिवृत्तही तुम्हीच लिहिणार," परीक्षक कार्यवाहांना म्हणाले. "तुम्ही सांगाल ते खरं."

दारातून बाई म्हणाल्या, "साहेब, दहाला तुमचे डोळे भरून आले होते. मी बघितलंय."

कार्यवाहांनी बाईंकडे पाहिलं. ढालीकडे पाहिलं. आयुष्यातली ती एकच वेळेवरची सकाळ, तिच्यावर पाणी सोडायचं त्यांच्या जिवावर आलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, 'संमेलन प्रथेप्रमाणे पावणेअकरा वाजता वेळेवर सुरू झाले.'

बाईंना उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. ते घडी करून त्या कामावर गेल्या. खाली लिफ्टपाशी माणसं खोळंबली होती.

इतिवृत्ताची वही सह्यांसाठी रांगारांगांतून फिरली. कुणी वाचली नाही, सही मात्र सगळ्यांनी केली. आता तुम्ही म्हणाल, काय लबाड माणूस हा कार्यवाह. म्हणा खुशाल. फक्त त्या दिवशी तुम्ही किती वाजता आला होतात, तेवढं आधी सांगा.