खो आजींच्या आवाजाचा बंदोबस्त

सागरमाता माझू, जिचे नाम घेता बुडते गलबत तरते, तिचे चरणी मस्तक ठेवून, लुकांग बंदरी तिचे देवळात जी मोहीम जाहाली तिची हकीकत येणेप्रमाणे. ऐकणारांनी चित्त द्यावे, यात एक अक्षर पदरचे नाही.

मजकूर देवळी खो आजी म्हणोन थोर गायिका. चाळीस वर्षे यांणी मातेच्या कथा गाऊन सांगितल्या, आणि ते गाणे ऐसे की दाराशी कालवांची आम्लेटे भाजणारा हातातील उलथणे विसरे, आणि मग आम्लेट करपे, तरी गिऱ्हाईक रागे न भरे. पुढे घशाची शस्त्रक्रिया जाहाली आणि आवाज कायमचा गेला. राहिली एकेचाळीस ध्वनिमुद्रणे, तीही कचेरीतील एकाच संगणकात, अन्यत्र नक्कल नाही. इतक्यात खबर आली की पलीकडील गल्लीचे देवळात कोणी भलतीच ईमेल उघडली आणि चोरांनी कुल दप्तरास आपले कुलूप ठोकले. हे ऐकून आजींचे मुखावरील रंग उडाला. त्यांणी पाटीवर इतुकेच लिहिले: "माझी गाणी कुठे आहेत?"

मग देवळाचे अध्यक्ष शिह चिनश्वे, वय सत्तर, यांणी दरबार भरविला, चहा आणि बैलाचे जिभेचे आकाराची गोड बिस्किटे ऐसा सरंजाम मांडिला, आणि हुकूम केला की कोण्या राज्याचे किल्ल्यात गाणी निर्भय राहतील त्याचा निवाडा आजच व्हावा.

तीन पक्ष उभे राहिले. अध्यक्ष खासा विंडोजचे. त्यांचे म्हणणे, तमाम दुनियेची रयत आमचे राज्यी, म्हणोन चोर आमचेकडे फार, आणि म्हणोनच आमचे पहारे जागते. उत्सवाची निशाणे चितारणारी लीचुन मॅकची सरदारीण. तिचे म्हणणे, आमचे किल्ल्यात धन्याचे शिक्क्यावाचून सहसा कोणी शिरत नाही. तिसरे मेंगशुंग, चिपांचे कारखान्यातून निवृत्त इंजिनियर, लिनक्सचे निष्ठावंत. यांचे म्हणणे, आमचे तटाचा नकाशा जगास खुला, हजार डोळे पाहतात, भगदाड पडले तर कोणास तरी दिसतेच.

"काका, तुमचं विंडोज चार महिने विचारतंय, अपडेट करू का म्हणून," लीचुन म्हणाली. "तुम्ही रोज 'नंतर' दाबता."

"पोरी, तुझा मॅक म्हणजे काचेच्या कपाटातली किटली," अध्यक्ष म्हणाले. "तिच्यात चहा कधी होत नाही, म्हणून ती फुटत नाही."

मेंगशुंग गालात हसले, तेव्हा अध्यक्ष त्यांजकडे वळले. "तू हसू नकोस. तुझ्या किल्ल्याचं दार तुलाच उघडत नाही. गेल्या उत्सवात कॅमेरा लावायला दीड तास टाईप करत होतास."

"पण लागला ना?"

"मिरवणूक गेल्यावर."

ऐसे होता होता बिस्किटे संपली, निवाडा नाही. मग ठरले की मातेसच कौल लावावा. चंद्रकोरीचे दोन लाकडी तुकडे भुईवर टाकावे, एक उताणा एक पालथा पडला तर होकार, दोन्ही पालथे तर नकार, दोन्ही उताणे तर माता हसली. आणि लागोपाठ तीन होकार आले तरच कौल खरा. विंडोजविषयी पुसले, माता हसली. मॅकविषयी पुसले, हसली. लिनक्सविषयी पुसले, तेव्हा तर तुकडे उताणे पडून डोलत राहिले. नऊ वेळा टाकिले, नऊ वेळा हसली. दरबारास घाम फुटला.

रिवाज ऐसा की कौल मागणाराने नाव, जन्मतिथी, पत्ता मातेस मोठ्याने सांगावा. अध्यक्षांचे मनी आले, आपले सांगण्यात काही कसूर राहिली, म्हणोन माता थट्टा करिते. मग ते गुडघे टेकून नाव बोलिले, तिथी बोलिले, पत्ता बोलिले, फोन नंबर बोलिले, आणि भक्तीचे भरात पासवर्डही बोलिले.

"आई, तुझंच नाव, आणि पुढे तुझी जन्मतिथी, तिसऱ्या महिन्याची तेवीस."

लीचुनने वळून दाराकडे पाहिले.

"काका, हळू बोला," लीचुन म्हणाली. "तो माझा आहे."

"तुझा कसा? मी सहा वर्षं वापरतोय."

मेंगशुंग आपले जोडे न्याहाळू लागले.

"मेंगशुंग काका?"

"मी शेवटी एक उद्गारचिन्ह लावलंय," मेंगशुंग म्हणाले.

ऐसीयास सदरहू तिथी देवळाचे महाद्वारावर पुरुषभर उंच अक्षरांनी रंगविलेली, आणि बेटावरील पाळण्यातले पोरही ती जाणते. तिन्ही तट अभेद्य, आणि तिन्ही दरवाजांची किल्ली वेशीवर टांगलेली. खो आजींनी पाटीवर लिहिले, "हसेल नाही तर काय करील?"

मग मोहीम चालली. चार महिन्यांचे अपडेट एका दुपारी उतरले, आणि अध्यक्ष 'नंतर'वर बोट न नेता हात मांडीखाली घालून बसले. तिघांनी तीन निराळे पासवर्ड केले, आणि ताकीद जाहाली की ते मातेसही सांगू नयेत, तिला ठाऊक असतातच. फोनवर सांकेतिक आकडा आल्यावाचून दार न उघडावे ऐसी दुसरी चौकी बसविली. गाण्यांच्या नकला तिन्ही राज्यांत ठेविल्या, आणि चौथी एका डिस्कवर, जी कोण्याही तारेस न जोडता नगाऱ्याचे खोलीतील कपाटात राहावी. मग पुसले, "आई, आता?" होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदा टाकिले, एक तुकडा उताणा पडला, दुसरा खांबास आपटून गिरकी घेता जाहाला, आणि तो पालथा पडला. होकार.

कपाटात ठेवण्यापूर्वी डिस्क पारखावी म्हणोन एक कथा लाविली. मातेने वादळातून बापास ओढून आणिले तो प्रसंग. आजींचा तीस वर्षांपूर्वीचा आवाज गाभाऱ्यात भरला, आणि उदबत्ती विकणारी बाई दारात येऊन उभी राहिली, आणि तीन राज्यांचे तीन सरदार एका बाकावर बसून डोळे पुसते जाहाले. आजी बोटांनी ताल धरून ऐकत होत्या. कथा सरली, तेव्हा त्यांणी पाटी ओढिली आणि लिहिले:

"तिसऱ्या कडव्यात मी सूर चुकले होते. तो तसाच ठेवा."

ठेविला. कोणते राज्य श्रेष्ठ त्याचा निवाडा जाहाला नाही, होणारही नाही. परंतु एकेचाळीस कथा, चुकल्या सुरासुद्धा, चार ठिकाणी सुखरूप दाखल जाहाल्या. मोहीम फत्ते.