भिकनआप्पांचा अँटेना

सुरतेतल्या डिंडोलीच्या समस्त नागरिकांना, तसेच पांडेसऱ्याहून पाळी संपवून घरी परतणाऱ्या सर्व कामगार बंधूंना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, रोज दिवेलागणीच्या सुमारास आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर भिकनआप्पा चढतात आणि हवेतून चाललेला टीव्ही पकडून खाली आपल्या घरात उतरवतात. त्या वेळी गच्चीवर कोणीही पापड, कुरडया, चादरी किंवा स्वतःला वाळत घालू नये. आप्पांच्या हातातला पाना निसटून कोणाच्या डोक्यात पडल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.

हे निवेदन मी अधिकाराने काढतोय. मी मंत्री आहे. दचकू नका. सुरतेत सोसायटीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात आणि अध्यक्षाला प्रमुख. एरवी माझं मॅचिंग ब्लाउजपीसचं छोटं दुकान आहे. पण शिरपूरकडच्या नातेवाइकांना मी ‘गुजरातमध्ये मंत्री आहे’ एवढंच सांगतो. पुढचं त्यांनी विचारलं तर सांगेन. अजून कोणी विचारलेलं नाही.

तर भिकनआप्पा. राहणार तिसरा मजला, म्हणजे गच्चीच्या बरोबर खाली. उंची बेताची, मिशी बेताबाहेरची. उभा जन्म पांडेसऱ्यात, साड्या रंगवून वाळवणाऱ्या मिलमध्ये गेला. आता निवृत्त. निवृत्त झाल्यावर लोक देवाला लागतात, आप्पा टॉवरला लागले.

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे केबल, कोणाकडे डिशची छत्री, पोरांकडे तर नुसते मोबाईल. आप्पांना हे सगळं नामंजूर. त्यांच्या मते टीव्हीचे प्रकार दोन. एक तारेला बांधलेला आणि दुसरा मोकळा. ‘तारेतला टीव्ही म्हंजे खुट्याले बांधेल बैल,’ असं ते सगळ्यांना ऐकवतात. सरकारी टॉवरवरून जो डिजिटल टीव्ही हवेत सोडला जातो, तो खरा. त्याला भाडं नाही, रिचार्ज नाही. एक डबा, एक अँटेना आणि मनगटात जोर एवढं असलं की झालं. मनगटात जोर कशाला, तर अँटेना फिरवायला. गच्चीच्या कठड्याला बांधलेला एक उंच लोखंडी खांब, त्याच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा ॲल्युमिनियमचा सांगाडा. तो आप्पांनी स्वतःच्या हाताने केलाय. त्यातल्या दोन काड्या जुन्या पावसाळी छत्रीच्या आहेत, हे आम्ही जाणतो आणि बोलत नाही.

या अँटेनातून येणारे चॅनेल मोजके. त्यात मराठी एकही नाही. त्यामुळे आप्पा नित्यनेमाने गुजराती शेतीचा कार्यक्रम पाहतात. त्यांची स्वतःची जमीन म्हणजे खिडकीतल्या डब्यातली तुळस. पण सौराष्ट्रातल्या जिऱ्यावर कोणता रोग पडलाय आणि एरंडाला पाणी कधी द्यावं, हे डिंडोलीत फक्त त्यांना ठाऊक असतं. जिन्यात भेटले की थांबवून सांगतात. ऐकणारा लूम कारीगर असो नाहीतर भंगारवाला, जिऱ्याची काळजी घेण्याचं वचन दिल्याशिवाय सुटका नाही.

डिजिटलमुळे आप्पांच्या बोलण्यालाही एक धार आली. पूर्वी टीव्हीवर मुंग्या यायच्या, आठवतं ना? चित्र अर्धं, मुंग्या अर्ध्या, आणि आपण डोळे बारीक करून निभावून न्यायचो. डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल आहे तर चित्र काचेसारखं, नाही तर पडदा काळा. ‘एक तर शे, नही तर नही! मुंग्यासना जमाना गया!’ हे आप्पांचं ब्रीदवाक्य; ‘शे’ म्हणजे आहे. डॉक्टर म्हणाले, ‘आप्पा, तुमचं ब्लडप्रेशर जरा काठावर आहे.’ आप्पा खवळले, ‘मुंग्या नका दाखवू डॉक्टर. शे का नही?’ माझ्या भाच्याचं लग्न जमता जमता रेंगाळलं, तेव्हा मुलीच्या मामाला फोन लावून यांनी तोच प्रश्न विचारला. लग्न मोडलं. भाचा अजून त्यांच्या पाया पडतो.

आता त्या संध्याकाळच्या सोहळ्याकडे येऊ. आप्पा वर खांबापाशी. खाली घरात टीव्हीसमोर त्यांची बायको, जिजी. वरून आरोळी येते, ‘उनं का?’ आमच्या अहिराणीत याचा अर्थ, आलं का? खालून खिडकीतून जिजींचा खणखणीत आवाज जातो, ‘उनं!’ किंवा ‘गयं!’, म्हणजे गेलं. नवीन आलेला ओडिया भाडेकरू पहिल्याच संध्याकाळी ‘गयं! गयं!’ ऐकून बनियनवर तीन मजले चढून आला आणि हात जोडून विचारू लागला, ‘कौन गया, दीदी?’

यातली मेख अशी, की डिजिटल चित्र अँटेना हलवल्याबरोबर येत नाही. डबा जरा विचार करतो, मग देतो. जिजींना सवय जुन्या टीव्हीची. त्या ‘उनं!’ म्हणेपर्यंत आप्पांनी अँटेना पुढे फिरवलेला असायचा, की पुन्हा ‘गयं!’ सुरुवातीला यावरून फार आरडाओरडा झाला. शेवटी आप्पांनी वरून हुकूम सोडला, ‘घाई नको करू! मनमा रामनाव घे, मंग सांग!’ तेव्हापासून प्रत्येक ‘उनं का?’ नंतर एक शांतता पसरते. त्या शांततेत आमची सगळी बिल्डिंग नकळत थांबते. दुसऱ्या मजल्यावर माझ्या हातातला घास तोंडाशी थांबतो. उत्तर आलं की सगळे पुन्हा जेवायला लागतात.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, तर विचारू नका. सगळं सुरत गच्चीवर, उंधियू, पतंग, ‘काप्यो छे’चा गलका, आणि आप्पा झाडू घेऊन अँटेनाच्या पहाऱ्यावर. एका वर्षी कोणाचा तरी कटलेला भलामोठा लाल पतंग येऊन अँटेनात अडकला. आप्पांनी शिव्या द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालून जिजी ओरडल्या, ‘नवं चॅनेल उनं!’ झालं. तो पतंग होळीपर्यंत तिथेच राहिला. कोणी काढायला गेलं की आप्पा म्हणत, ‘हात नका लावू, तो मशीनना भाग शे.’

आणि अशा या अँटेनावर गंडांतर आलं ते सूर्यामुळे. आमचे प्रमुख जयंतीभाई यांनी गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. पॅनेल बसवणारा इंजिनियर आला, त्याने गच्ची मापली, आकाशाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि मान हलवली. खांबाची सावली पॅनेलवर पडते. सावली पडली की वीज कमी. जयंतीभाईंनी मला बाजूला घेतलं. ‘मंत्रीजी, आ थांभलो तो काढवो ज पडशे, खांब काढावाच लागेल. रविवारी मीटिंग. तुमच्या गाववाल्याला तुम्हीच समजावा.’

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आप्पांनी जिन्यात जाहीर केलं, ‘खांबाले हात लावसीन, तर पहिले मना हात तोडा.’ मुलांनी ते मोबाईलवर चित्रित केलं. आप्पांनी त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा जास्त मोठ्या आवाजात म्हणून दाखवलं.

आप्पांना समजावणं सोपं नव्हतं, आणि त्यांच्या घरात जाऊन समजावणं तर त्याहून अवघड. कारण त्या घरात तिसरा माणूस गेला, की तो टपाल खात्यात भरती होतो. गच्चीवरच्या त्या आरोळ्या सोडल्या, तर आप्पा आणि जिजी एकमेकांशी बोलत नाहीत. अबोला. आणि त्याचं कारण ऐकाल तर म्हणाल, हे सुरतेतच घडू शकतं.

मुलीच्या साखरपुड्याला जिजी हौसेने स्वतः निवडलेली मोरपंखी साडी नेसल्या होत्या. व्याही, विहीणबाई, सगळे बसलेले. आप्पांनी चहा देता देता जिजींचा पदर सवयीने दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला आणि व्याह्यांना म्हणाले, ‘रंग पाहा, सारखा नही, पट्टा पडेल शे. सेकंडना माल.’ जन्मभर मिलमध्ये कापड पाहणाऱ्या माणसाच्या तोंडून हे निघायचंच. पण जिजींनी पदर सोडवून घेतला आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं. आप्पांनी माफी मागायची तर रंगात पट्टा नव्हता असं म्हणावं लागलं असतं, आणि पट्टा तर होता.

मुलगी सासरी नंदुरबारला, मुलगा वापीला. घरात दोघंच. तेव्हापासून निरोपाचं काम शेजाऱ्यांकडे. चहाला गेलो की आप्पा भिंतीकडे पाहत म्हणतात, ‘मंत्री, तिले सांगा, साखर कमी शे.’ जिजी माझ्याकडे पाहत म्हणतात, ‘भाऊ, त्यासले सांगा, साखर संपनी.’ मी दोन फुटांवरून दोन्ही निरोप पोचवतो. माझ्या मंत्रिपदाचं सर्वांत मोठं काम हेच. माझी बायको सुनंदा म्हणते, ‘निदान एकमेकांचे फोन नंबर तरी द्या त्यांना.’

म्हणून मी आप्पांना गच्चीवर एकटं गाठायचं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी हळूच जिना चढलो. दारातच पाय थांबले.

आप्पा खांबापाशी पाठमोरे उभे होते. अँटेना टॉवरच्या दिशेला अगदी नीट, नाकासमोर. नट घट्ट आवळलेला. आप्पांनी लेंग्याच्या खिशातून पाना काढला, नट ढिला केला आणि दोन्ही हातांनी अँटेना टॉवरकडे पाठ करून फिरवून ठेवला. मग कठड्याशी जाऊन, मिशीवरून हात फिरवून, आरोळी दिली:

‘उनं का?’

खाली शांतता. रामनाव घेण्यापुरती.

‘गयं!’

‘आते?’

‘नही उनं! मनी भाजी करपी ऱ्हायनी आठे!’

‘कशानी भाजी शे?’

‘गिलकासनी!’

‘मीठ कमी टाक!’

‘तुम्ही सिग्नलनं पाहा!’

आप्पा हसले. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर निवांत बसले. अँटेनाला त्यांनी हातही लावला नाही. थोड्या वेळाने बसल्या जागेवरून पुन्हा, ‘उनं का?’

‘नही! उतरताना कठडा धरीसन उतरा! पायरीवर शेवाळ शे!’

‘धरस, धरस! गोळी लिधी का?’

‘लिधी!’

मी खाकरलो. आप्पा ताडकन उठले आणि खांबाला असे भिडले, जणू तो आत्ता पडणार होता.

‘वारा शे आज,’ ते म्हणाले. ‘फार वारा. अँटेना ऱ्हास नही जागेवर.’

मागे दोरीवर कोणाची तरी लुंगी वाळत होती. ती निवांत लटकत होती. मी म्हणालो, ‘हो आप्पा, फार वारा आहे.’ आणि जे समजावायला गेलो होतो ते न समजावता खाली उतरलो.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. इतकी गर्दी सोसायटीच्या इतिहासात झाली नव्हती. सगळे आप्पांचं भाषण ऐकायला आलेले. पुरुष खुर्च्यांवर, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर. जिजी सर्वांत वरच्या पायरीवर, पदर घट्ट लपेटून. मीटिंगमध्ये त्या आजवर एक अक्षर बोललेल्या नाहीत.

जयंतीभाईंनी प्रस्ताव मांडला आणि तो इंजिनियर पुढे झाला. पोरगा मराठीच होता, आपल्या जळगावकडचा, आणि स्वभावाने गोड. भांडायला आला असता तर आप्पांनी त्याला पुरतं नामोहरम केलं असतं. पण तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘आप्पा, तुमचे सगळे चॅनेल मी तुम्हाला मोबाईलवर लावून देतो. शेतीचाही कार्यक्रम. फुकट. या खांबातून तुम्हाला असं काय मिळतं जे दुसरीकडून मिळणार नाही? एक गोष्ट सांगा. पटली तर पॅनेल मी दुसऱ्या बाजूला घेतो, थोडं काम वाढेल, पण घेतो.’

सगळे पुढे वाकले. आप्पांनी मिशी चाचपली. एकदा पायऱ्यांकडे पाहिलं, लगेच नजर काढून घेतली.

‘म्हंजे... हवेतलं चित्र जरा... मोकळं वाटस,’ ते पुटपुटले.

‘मुंग्या नका दाखवू आप्पा!’ मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

मला उत्तर ठाऊक होतं. पण नवरा-बायकोच्या गिलक्याच्या भाजीचा ठराव सभेत मांडायचा तरी कसा? मी उठलो, खुर्ची सारखी केली, पुन्हा बसलो. मंत्र्यांकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

आप्पांनी खांदे सैल सोडले. त्यांचा आवाज इतका लहान आम्ही कधी ऐकला नव्हता.

‘काढी टाका भो,’ ते म्हणाले. ‘डोकाले ताप कसाले? काढी टाका.’

जयंतीभाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि ‘मंजूर?’ असं विचारायला हात वर केला. तो हात वरच राहिला. कारण सर्वांत वरच्या पायरीवर जिजी उभ्या राहिल्या होत्या. चेहरा लालबुंद, पदर डोक्यावरून खांद्यावर आलेला. रोज तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून गच्चीवर जाणारा तो खणखणीत आवाज भरसभेत पहिल्यांदाच सुटला:

‘खबरदार खांब काढसान तर! आख्खा दिनमा हाऊ माणूस मनासंगे तेवढंच बोलस!’