भीमण्णाचं वलंदेजी जहाज

लग्नात नवरीचं नाव बदललं, की भीमण्णा मांडवात उठून उभा राहायचा. "आमच्या जहाजाचं बी आसंच झालतं," म्हणून जो सुरू व्हायचा, तो अक्षता वाळून जाईस्तोवर थांबायचा नाही. नवरीचा बाप हात जोडायचा. पण जहाज कुणाच्या घरातून कुणाच्या घरी गेलं, हे सांगून झाल्याशिवाय भीमण्णा काही खाली बसत नसे.

आमच्या खटकचिंचोळीपासून समुद्र शेकडो कोस. भीमण्णा मेंढरं राखणाऱ्या घरातला. दुष्काळात मुंबईला गेला, गोदीत बॉयलरच्या कामाला लागला आणि दुसऱ्या महायुद्धाची लढाई पेटल्यावर माणसं कमी पडली तेव्हा एका इंग्रजी विनाशिकेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, चढला. मधेच इंग्रजांनी ती विनाशिका आपल्या दोस्तांना, हॉलंडच्या वलंदेजांना, देऊन टाकली. निशाण बदललं, नाव बदललं, इंग्रज खलाशी उतरले. बॉयलरवरचे चार-दोन लोक तेवढे राहिले.

"बोली समजत व्हती का रे त्यांची?" पाटलांनी एकदा विचारलं.

"बॉयलरला कशाची बोली, पाटील? पाणी तापलं की वाफ हुतीच. इंग्रजाची काय, वलंदेजाची काय!"

लढाई संपल्यावर तो गावी परतला, पण अर्धाच. औताचा बैल मागं सारायचा असला की जहाज मागं घ्यायचा हुकूम, "आस्टर्न!" म्हणून ओरडे. गंमत म्हणजे बैल सरतही असे.

गावात इंग्रजी येणारा मी एकटा मास्तर. दर दोन-तीन महिन्यांनी तो माझ्याकडं येई. "गुरुजी, कागद लिवायचाय. जहाज आता कुठं हाय, इचारा." मी मुंबईच्या बंदर कचेरीला लिही. मुंबईचं टपाल टाकायला नि आणायला हा पायी भालकी गाठी. त्या कचेरीतला कुणी भला कारकून उत्तर धाडायचा: जहाज अमक्या बंदरात आहे, तमक्या बंदराला निघालं आहे. भीमण्णा ते माझ्याकडून तीनदा वाचून घेई आणि खुशीत घरी जाई. सारा गाव हसे. मीही हसत असे.

एकदा शाळा सुटायच्या वेळी तो असंच उत्तर घेऊन आला. मी मनात वाचलं आणि कागदाची घडी घातली.

"मोठ्यानं वाचा की, गुरुजी. काय लिवलंय?"

"भीमण्णा, जहाज मोडीत काढलं."

"मंजी? दुरुस्तीला घातलं?"

"न्हाई रे. तोडलं. लोखंड वितळवायला नेलं."

तो भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "बॉयलरच्या खोलीतले पत्रे बी?"

"सगळंच."

मग त्यानं ते सांगितलं, जे कुठल्याच मांडवात कधी सांगितलं नव्हतं. रत्नागिरीकडचा सखाराम जहाजाच्या बॉयलरवर त्याच्या जोडीला असे. भीमण्णाला बाराखडी त्यानंच शिकवली, खडूनं, बॉयलरपुढं बसवून. एके दिवशी वाफेची नळी फुटली. सखाराम भाजला आणि दोन दिवसांनी गेला. त्याला दर्यात सोडलं.

"ना दगड, ना माती. मग म्या त्या खोलीच्या पत्र्यावर छिन्नीनं त्याचं नाव कोरलं. जहाजावरनं सुटल्यावर त्याच्या आईला भेटून आलो. म्हणलं, म्हातारे, जहाज जाईल तिकडं तुझ्या पोराचं नाव जायलंय. तवापासून ती दुसऱ्याकडून कागद लिवून घेती. माझा सखा आता कुठवर गेला म्हणून इचारती. तुमी वाचलेलं मी तिला लिवून धाडतो."

माझी मान खाली गेली.

"तिचा कागद येऊन पडलाय, गुरुजी. आज माझा हात चालंना. तुमीच लिवा."

आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला मी. दौत पुढं ओढली, टाक बुडवला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "जहाज वलंदेजांच्या दर्यात सुखरूप उभं आहे."

"उभं नगं," भीमण्णा म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "म्हातारी घोर करंल, उभं कामून ऱ्हायलं म्हणून. चाललंय म्हणून लिवा."

मी 'उभं आहे' खोडलं आणि 'चाललंय' असं लिहिलं.