नरसिंहपूरचा ओपनर

आमच्या शेजारच्या भास्करतात्यांनी एकदा मुरलीला सकाळी बॅटिंगला पाठवलं आणि उन्हं उतरेपर्यंत आऊट होऊ दिलं नाही. नलूकाकू ताट वाढून वाट बघत बसल्या. शेवटी ताटावर ताट झाकून त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सुषमा, मुरलीभावजींची डबल सेंच्युरी व्हायचीय. तुझ्याकडं भाकरी असली तर दे, मी आपली खाऊन घेते."

मुरलीभावजी टीव्हीवर होते. म्हणजे त्यांचं नाव टीव्हीवर होतं. तात्यांचा मुलगा बंगळूरला जाताना त्याचं गेमचं जुनं मशीन घरीच ठेवून गेला. त्यात क्रिकेटचा एक गेम होता आणि त्यात खेळाडूंची नावं बदलता यायची. जायच्या आधी तात्यांनी मुलाला शेजारी बसवून सगळी टीम बदलून घेतली. तेव्हापासून आमच्या बारामतीच्या कॉलनीत दर उन्हाळ्यात नरसिंहपूर विरुद्ध ऑस्ट्रेलिया असा कसोटी सामना चालू असतो. मैदान लंडनचं असतं. तात्यांना ते पसंत नाही, पण मशीनमध्ये नरसिंहपूरचं मैदान नाही, त्याला ते तरी काय करणार?

मी शाळेत शिकवते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच असते आणि कॉलनीतल्या दुपारी मला तोंडपाठ आहेत. अकरा वाजले की रस्ते ओस पडतात. मग घराघरातून आवाज येतात. कोपऱ्यावरच्या बंगल्यात गाड्यांच्या शर्यती, समोरच्या घरात फुटबॉल, वरच्या मजल्यावर फोनवर बंदुका. पोरांना विचारलं, सुट्टीत काय करता, तर प्रत्येकाचा गेम ठरलेला आहे. या सगळ्यात तात्यांच्या घरातून मात्र कूलरची घरघर तेवढी ऐकू येते आणि मधूनच एखादं वाक्य: "सोड तो. बाहेरचा हाय. घाईचं काम न्हाय."

तात्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. आमच्याशी बोलतात ते अगदी पुस्तकी, शुद्ध. पण हातात रिमोट आला की नरसिंहपूरची भाषा सुरू. कॉमेंट्री इंग्रजीत असते म्हणून ते टीव्हीचा आवाज बंद करतात आणि स्वतःच बोलतात. खेळताना पांढरा शर्ट, फुल पँट आणि डोक्यावर टोपी. घरात, कूलरसमोर. ड्रिंक्सची वेळ झाली की गेम थांबवून ताक पितात.

कॉलनीतली पोरं सुरुवातीला त्यांच्याकडे हौसेनं जायची. पण तात्या षटकार मारू द्यायचे नाहीत. चेंडू उचलून मारला की म्हणायचे, "डोहात जाईल. मग कोण काढणार?" लंडनच्या मैदानात कसला डोह, हे पोरांना कळेना. त्यांनी जाणं सोडलं.

मला हळूहळू उलगडा झाला तो विरजण आणायला गेल्यावर काकूंशी होणाऱ्या गप्पांतून. तात्या नरसिंहपूरचे. भीमा आणि नीरा जिथं मिळतात ते गाव. तात्या लहान असताना उन्हाळ्यात नदीचं पात्र आटायचं आणि घाटाखाली वाळूचं मोठं मैदान उघडं पडायचं. तिथं गावातली पोरं दिवसभर क्रिकेट खेळायची. नदीला पाणी आलं की खेळ संपला. म्हणूनच तात्या जूनमध्ये गावाकडं फोन करून नदीला पाणी आलं का विचारतात. आलं म्हटलं की मशीन पुसून पोटमाळ्यावर. दिवाळीत मुलगा आला आणि त्यानं खेळूया म्हटलं, तरी मशीन खाली येत नाही. "ग्राउंड पाण्याखाली आहे," असं तात्या त्याला शांतपणे सांगतात.

आता तिथं वाळू राहिलेली नाही. वर्षानुवर्षं ट्रकमधून उपसून नेली. काकू एकदा म्हणाल्या, "आम्ही दर्शनाला गेलो होतो. हे घाटावर उभे राहून खाली बघत राहिले. खड्डे नि काटेरी झुडपं."

टीममधली नावं त्या वाळूवरच्या पोरांचीच, आणि टीमची व्यवस्था बघण्यासारखी होती. रघू आणि विलास हे सख्खे भाऊ. त्यांना तात्या कधी एकत्र बॅटिंगला येऊ देत नसत. एक आत असला आणि दुसऱ्याची पाळी आली की मधे कुणालातरी घुसवायचे. मी कारण विचारलं.

"त्यांच्यात बोलणं नाही," तात्या म्हणाले. "बांधावरून बिनसलंय. धाव घ्यायची वेळ आली तर हाक कोण देणार?"

वसंताला जलद गोलंदाजांसमोर पाठवायचं नाही, तो भितो. दिगंबरचा गुडघा दुखतो म्हणून त्याला चोरटी धाव पळायला लावायची नाही. दिगंबर तीनेक वर्षांपूर्वी वारले. त्या आठवड्यात सामना बंद होता. नंतर पुन्हा सुरू झाला तेव्हा टीममध्ये दिगंबर होतेच.

"नाव बदलायचं राहिलं का?" मी विचारलं.

"नाही," तात्या म्हणाले. "काढून त्याला ठेवणार कुठं?"

आणि मुरली हा ओपनर. त्याला तात्या तळहाताच्या फोडासारखं जपायचे. बाकीचे आऊट व्हायचे. मुरली आऊट झाला की तात्या गेम बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. केमिस्ट माणूस, आयुष्यभर एका आकड्याची गडबड केली नाही, आणि इथं सरळ सरळ चिटिंग. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हा मुरली म्हणजे त्या काळचा मोठा बॅट्समन असणार, आणि तात्यांचा आदर्श.

या मे महिन्यात एका सकाळी काकू आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मुरलीभावजींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. त्यांच्या मुलानं, गणेशनं, त्यांना बारामतीत दवाखान्यात आणलं होतं. जीवावरचं टळलं होतं.

"हे गेले का बघायला?" मी विचारलं.

"नुसते बसलेत. जा म्हटलं तर म्हणतात, जाऊन काय बोलू त्याच्याशी?"

दुपारी मी खिडकीतून पाहिलं. उन्हाळ्यात दिवसा घराबाहेर न पडणारे तात्या भर उन्हात छत्री न घेता चालत निघाले होते. टोपी मात्र तीच, मॅचची.

पाचसहा दिवसांनी ते मुरलीकाकांना घेऊनच घरी आले. दवाखान्यातून सोडलं होतं, पण हाताच्या व्यायामासाठी रोज जावं लागणार होतं आणि नरसिंहपूरहून रोज बारामती गाठणं त्या अवस्थेत शक्य नव्हतं. मुरलीकाकांची बायको मागेच गेलेली. गणेशला शेत आणि जनावरं सोडून राहता येईना. तात्या त्याला म्हणाले, "तू जा. तो माझ्याकडं राहील. त्याला विचारत बसू नको."

मी भेटायला गेले. काळासावळा, लांब हातांचा माणूस, पुढच्या खोलीतल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. ते एकच बोलत, "मला घरी न्या."

डॉक्टरांनी बजावलं होतं की हे पहिले काही महिने महत्त्वाचे, आता हात हलवला तर हलेल. मुरलीकाका हलवत नव्हते. व्यायामाच्या बाईंनी मूठ उघडली की डोळे मिटून घेत. जेवण अर्ध्यावर सोडत. तात्या त्यांच्यासाठी काय काय करायचे. दाढी करायचे, सकाळी पेपर वाचून दाखवायचे. मुरलीकाका ऐकताहेत की नाही, कळायचं नाही.

गेम बंद होता. मशीनवर तात्यांनी चादर टाकली होती. मला वाटलं, आजारी माणसाला त्रास नको म्हणून. काकू स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "त्रास कसला? लाजतात. भावजींना यातलं काही ठाऊक नाही. आपल्या नावानं हे काय चाललंय ते."

पुढे एका दुपारी काकूंनी मला लिंबाचं सरबत प्यायला बोलावलं. मुरलीकाकांना पाठीशी उशा देऊन बसवलं होतं. त्यांनी सकाळी व्यायामाला जायला साफ नकार दिला होता. काकूंनी सरबताचे ग्लास ठेवले, पदराला हात पुसले, सरळ जाऊन चादर ओढली आणि मशीन चालू केलं.

"अगं, काय करतेस?" तात्या म्हणाले.

"दाखवा त्यांना. कधी दाखवणार आहात?"

पडद्यावर हिरवंगार मैदान आलं. तात्यांनी रिमोट हातात घेतला. दोन फलंदाज चालत आले. खाली नावं उमटली. मुरलीकाकांनी मान वळवली. गेल्या कित्येक दिवसांत भिंतीकडून इकडं वळलेली ती पहिलीच मान असावी. इंग्रजी अक्षरं होती, त्यांनी ओठ हलवत लावली.

"मुरली," ते म्हणाले. "ह्यो कोण मुरली?"

"तूच," तात्या म्हणाले.

"मी? ओपनिंगला?"

त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. आधी मला कळलंच नाही. मग घशातून आवाज आला आणि लक्षात आलं की ते हसताहेत. अर्ध्या तोंडानं, खांदा हलवत, डोळ्यांत पाणी येईतोवर. काकूही हसायला लागल्या. तात्या हसत नव्हते.

मी विचारलं, "मुरलीकाका, तुम्ही ओपनर नव्हता?"

"मी?" त्यांनी एकेक शब्द जुळवला. "मला बॅट कोण देतंय?"

त्यात तक्रार नव्हती. आमच्याकडं पलीकडच्या काठाला जायला होडी होती, असं सांगावं तसं सांगितलं. मग तेच थोडंथोडं त्यांनी सांगितलं. वडील होडी चालवायचे, त्यामुळं मुरलीला पोहता यायचं. बाकीच्या पोरांना घरून डोहाची बंदी. मैदानाच्या एका कडेला उन्हाळ्यातही न आटणारा तो डोह होता. त्यात चेंडू गेला की तो काढायचा मुरलीनं. म्हणून त्याला तिथंच उभा करायचे.

"आणि बॅट कुणाची होती?" मी विचारलं.

मुरलीकाकांनी डाव्या हातानं तात्यांकडं बोट केलं.

तात्या पडद्याकडेच बघत होते. गोलंदाज पळत यायचा थांबला होता, कुणीतरी बटण दाबायची वाट बघत.

"मामांनी पुण्याहून आणून दिली होती," तात्या म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, म्हणून शुद्ध बोलत होते. "त्यामुळे कॅप्टन मीच. सगळ्यांची बारी व्हायची. याची पाळी येईपर्यंत देवळात सांजेची घंटा व्हायची आणि आम्ही घरी जायचो. मी रोज सांगायचो, मुरल्या, उद्या तुझी बारी. रोज. मग मी शिकायला इकडं आलो."

ते थांबले आणि मुरलीकाकांकडं वळले.

"मी तुला एकदाबी बॅटिंग दिली न्हाय, मुरल्या. लई वरसं झाली. माझ्या डोसक्यातनं ते जात न्हाय."

काकूंनी सरबताचा ग्लास उगाच उचलला आणि परत ठेवला. मुरलीकाका बराच वेळ तात्यांकडं बघत राहिले. त्यांना बोलायला वेळ लागतच होता, पण हा वेळ शब्द सापडत नाहीत म्हणून नव्हता.

"भास्कर," ते म्हणाले, "तुमी समदी उन्हात करपत हुता. वाळू पायाला भाजायची. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"मी पाण्यात हुतो. गार." त्यांनी दम घेतला. "बॉल लगीच घावायचा मला. मी मुद्दाम वर आणत नव्हतो. तुमी काठावर वरडायचा, मी बुड्या मारायचो."

"खोटं बोलतोस."

"न्हाय."

"माझ्यासाठी बोलतोस तू हे."

"तुज्यासाठी कशाला? मला ती बॅट धरायचीच न्हवती," मुरलीकाका म्हणाले. "जड हुती ती. तुला तरी कुठं उचलत हुती?"

यावर तात्यांना हसू आलं. हसता हसता त्यांनी टोपी काढून तोंडासमोर धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. काकू उठून आत गेल्या.

मी निघायला हवं होतं, पण पाय निघाला नाही. थोड्या वेळानं मुरलीकाका म्हणाले की एवढं म्हणतोस तर दे एक बॉल खेळायला. तात्यांनी रिमोट त्यांच्या डाव्या हातात दिला आणि कुठलं बटण ते दाखवलं. गोलंदाज आला, मुरलीकाकांनी उशिरा दाबलं, तिन्ही स्टंप उडाले. त्यांनी रिमोट परत केला आणि उशीला टेकले. त्या सगळ्या बोलण्यानं ते दमले होते. बघता बघता डोळा लागला.

तात्यांनी टीव्ही बंद केला. व्यायामाच्या बाईंनी दिलेली तेलाची बाटली खिडकीत होती, ती घेतली आणि कॉटच्या कडेला बसून त्यांनी मुरलीकाकांची उजवी मूठ मांडीवर घेतली. करंगळीपासून एकेक बोट सोडवत, चोळत ते अंगठ्यापर्यंत आले. तोवर करंगळी परत मिटली होती. तात्यांनी पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली.