सिदूअण्णाचा दवाखाना

वाडीचा नवा दवाखाना सिदूअण्णा जिकडं सरकंल तिकडं सरकतो. यात दवाखान्याची चूक न्हाई. कंप्युटरवर इमारत काढायची म्हंजी आधी एक शून्य धरायचं आन् तिथनं भिंती, दारं मोजायची. नकाशा काढणाऱ्या सायबानं इचारलं, "गावात कवाच हलत न्हाई असं काय हाय?" गावातल्या मुडद्यांनी देऊळ न्हाई दावलं, हीर न्हाई दावली. पारावर पसरलेला सिदूअण्णा दावला. सायबानं त्याच्या टोपीवर शून्य धरलं. ठेकेदारानं नकाशाबरहुकूम बांधलं.

तवापासनं अण्णा परसाकडं निघाला की दवाखाना बी वढ्याकडं. आतलं पेशंट बी.

मंकर्णा, अण्णाची लेक, पयल्या बाळंतपणाला म्हायेरी आली. कळा सुरू झाल्या तशी नर्सबाई खिडकीतनं वरडली, "अण्णा, हलायचं न्हाई! पोरगी अडलीया."

अण्णा हलला न्हाई. नाकावर माशी बसली तरी न्हाई. सरपंच म्हणला, "जन्मात पयल्यांदा कामाला आलास की रं!"

"माझी लेक सुटू दे, मग तुझं दात घशात घालतो," अण्णा व्हट न हलवता म्हणला.

आतनं ट्यांहां ऐकू आलं. "नात झाली!"

अण्णा ताडकन उठला. दवाखाना बी हातभर वर उठला. अण्णा दाराकडं गेला, दार म्होरं गेलं. अण्णा पळाला, दवाखाना पळाला. जोंधळ्याच्या रानात अण्णाचा दम तुटला. त्यानं सायबाला फोन लावला.

"ए दीडशाण्या, दार गावंना!"

"गावणार नाही, काका. शून्यापासून दार बावीस फूट. ते बदलत नाही."

"मग नात कशी बघू? तुझ्या बापाच्या डोळ्यांनी?"

सायबानं जरा इचार केला. "नात नकाशात नाही. तिला बाहेर आणा."

"आदी खाली बसा," नर्सबाई म्हणली, "पायऱ्या भुईला टेकू द्या."

अण्णा बसला. रानवाला बोंबलत आला, "माझं जोंधळं!" कुणी त्याच्याकडं बघितलं न्हाई. बाईनं नात अण्णाच्या मांडीवर ठिवली आन् परत आत गेली.

"अण्णा," मंकर्णा खिडकीतनं म्हणली, "आता सावकाश चाला. टाकं हायती."

अण्णा नातीला छातीशी धरून उठला आन् गावाकडं निघाला. दवाखाना भुईपासनं हातभर वर, झोळीवानी डुलत चालला. वढा यायच्या आत मंकर्णा झोपली.