मेट्रनची खुर्ची

मंगळवारी सकाळी मेट्रनच्या घरातली एकुलती एक खुर्ची मेट्रनसकट खाली बसली. इस्पितळातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सगळे त्यांना मेट्रनच म्हणत. दोन्ही गुडघे केव्हाच संपावर गेलेले. जमिनीवर बसलं की उठवायला माणूस लागायचा.

माणूस म्हणजे त्यांचा मुलगा. तो विमा विकायचा आणि कुठल्याही खुर्चीचे चारही पाय हलवून बघितल्याशिवाय तिच्यावर टेकत नसे.

"आई, पुरे झालं एकटीनं राहणं. आता माझ्याकडे चल."

"मला काय धाड भरलीय? खुर्ची मोडलीय, मी नाही. मी प्रभूकडे दुसरी मागितलीय."

"देव फर्निचर पाठवत नाही, आई."

"तुला लहानाचा मोठा केला तेव्हा लागेल ते पाठवलंच ना त्यानं?"

"बरं. रविवारपर्यंत खुर्ची आली नाही, तर सामान बांधायचं."

"बांधीन. आणि आली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही!"

स्वतःचं घर सोडायचा नुसता विचारही मेट्रनना सहन होत नव्हता. पण ते मुलाला कशाला दाखवायचं?

बुधवारी चर्चमध्ये प्रार्थनासभा होती. तिथे प्रत्येकाने आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची रीत. मेट्रनचा आवाज वॉर्डच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्या पेशंटला उठवणारा. "प्रभू, खुर्ची दे. हातांची. पाठ सरळ हवी, प्लास्टिकची नको. आणि रविवारच्या आत दे!"

"ही तर जाहिरात झाली!" मुलगा फोनवर ओरडला.

"मी डोळे मिटून देवाशी बोलत होते. बाकीच्यांनी ऐकलं, त्याला मी काय करू?"

गुरुवारी पहाटे दार उघडलं तर बाहेर खुर्ची. हातांची, सरळ पाठीची. नाव नाही, चिठ्ठी नाही. मेट्रन तिच्यावर बसल्या, डोळे पुसले आणि मुलाला फोन लावला. जिंकल्यावर गप्प बसणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

दुपारी दुसरी आली. संध्याकाळी आणखी दोन. दान गुपचूप करावं, असं चर्चच्या पाळकसाहेबांनी मागच्याच महिन्यात तासभर समजावलं होतं आणि मंडळींनी ते नको तितकं मनावर घेतलं होतं. कोण देतंय याचा कोणालाच पत्ता नव्हता. परत करायची म्हटली तरी कोणाला करणार? शुक्रवारी मोरीतही एक खुर्ची ठेवावी लागली, आणि नंतरच्या दाराबाहेर जिन्यातच रचल्या जाऊ लागल्या. तेरावी आली तेव्हा घरमालक जिन्यात उभा होता.

"मेट्रन, हे घर आहे की मंगल कार्यालय? रविवारी जिना मोकळा झाला नाही, तर घर मोकळं करा!"

"आई, या पसाऱ्यात तू राहणार कशी?" मुलाचा लगेच फोन. "मी येतोय न्यायला."

"ये. पण देवानं पाठवलेलं मी टाकणार नाही, आणि हलणारही नाही!"

रविवारी सकाळी मेट्रन आवरून चर्चला निघाल्या, तर बाहेर रचलेल्या खुर्च्यांनी दार अडवलेलं. जन्मात पहिल्यांदा त्यांची उपासना चुकली. त्या आजारी असतील म्हणून उपासनेनंतर पाळकसाहेब प्रार्थनासभेच्या अकरा जणांना घेऊन आले. मागोमाग मुलगाही आला. सगळ्यांनी खुर्च्या ओढून वाट केली आणि आत घेतल्या. जिना मोकळा झाला, खोली भरली, आणि दमलेली माणसं सवयीने आपापल्या खुर्चीवर बसली. पाळकसाहेब ज्या गादीवर टेकले तिच्यावर त्यांच्याच मांजराचे केस होते. चोरी उघडी पडली. बारा जण एकमेकांकडे बघून ओशाळले. आज जाताना आपापली खुर्ची न्यायची, असं न बोलताच ठरलं.

मेट्रन मात्र उभ्याच. उरली होती ती गुरुवारी पहाटे आलेली हातांची खुर्ची, आणि तिच्यावर मुलगा बसला होता. त्याच्याकडे बघता बघता त्या थबकल्या. बसण्याआधी त्याने तिचे पाय हलवून बघितले नव्हते. एकही नाही.

"ही तुझ्या ऑफिसातली?"

मुलगा कानापर्यंत लाल होऊन उठला. "तू हरली असतीस तर... मला नसतं बघवलं. बस ना, आई."

मेट्रन बसल्या.

"बघितलंस? देव फर्निचर पाठवतो. आणायला कोणाला लावायचं, ते त्याचं तो बघतो. चला, डोळे मिटा. प्रभू, खुर्चीबद्दल तुझे आभार. आता पाय ठेवायला एक लहानसं स्टूल..."

"स्टूल मी आणतो!" मुलगा खाडकन डोळे उघडून ओरडला. "बाकी कोणीही आणायचं नाही! आमेन!"