हक्क राखून

कब्जेनाना पहिल्यांदा माझ्या घरी आले, चहा प्याले आणि जाताना टोपी खुर्चीवर ठेवून गेले. मी टोपी घेऊन मागं धावलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो, गुरुजी. तेवढीच वहिवाट पडंल." पुढं पुढं पाहुण्यांना मीच सांगू लागलो, की त्या खुर्चीवर बसू नका, नानांची आहे.

एस.टी.त रुमाल टाकून जागा धरणारे पुष्कळ. नाना ज्या गाडीनं जायचं नाही तिच्यातही रुमाल टाकत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "सवय मोडू नये."

सोनईच्या पेठेत त्यांचं दोर-सुतळीचं दुकान होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तरी घराला पुढून एक आणि मागून एक अशी दोन कुलुपं. बिनवादाची जागा महाग आणि वादातली स्वस्त, एवढं एकच सूत्र धरून त्यांनी कमाई जागांत घातली. त्यामुळे त्यांच्याकडे वाट नसलेलं एक शेत होतं, आणि एक विहीर होती, जिच्यातलं पाणी तेवढं दुसऱ्याच्या मालकीचं होतं. मी म्हणायचो, "नाना, घेण्याआधी कागद तरी नीट बघत जा."

"कागद म्हंजी लग्नपत्रिका, गुरुजी. ताबा म्हंजी संसार!"

एकाहत्तर सालच्या सुमारास त्यांनी शिंगणापुरात घर घेतलं. "बघा तुमी, शनिवारी हितं गाड्यांची रांग लागंल. लोकांला उतरायला जागा लागंल का न्हाई?" आम्ही सगळे पोट धरून हसलो.

घर विकणाऱ्यानं खरेदीखतात चारी बाजूंच्या हद्दी बिनचूक लिहून दिल्या. आत राहणारी त्याची विधवा आत्या तेवढी लिहायची राहिली. घर बघायला गेले तेव्हा नानांनी तिला पाहिलंही होतं. पण त्या गावात घरांना दारं नाहीत. दर्शनाला आलेली कोणी म्हातारी सावलीला टेकली असेल, असं समजून त्यांनी तिला नमस्कार केला आणि पैसे मोजले.

आत्या म्हणाली, "बापाचं घर हाय. हितनं उठंन ती चौघांच्या खांद्यावर." मग तालुक्याच्या कोर्टात दावा लागला, आणि यथावकाश हुकूमनामा नानांच्या बाजूनं झाला. ताबा द्यायला कोर्टाचा बेलिफ आला. पंच म्हणून नानांनी मला धरून नेलं.

बेलिफ लांबच्या गावचा. कुलूप, लाख, मेणबत्ती, सगळा सरंजाम घेऊन तो घरासमोर उभा राहिला.

"दार कुठंय?"

"न्हाई," नाना म्हणाले.

"मागचं?"

"ते बी न्हाई. शनिदेवाच्या गावात दार नसतंय, साहेब."

"मग मी कुलूप कशाला लावू? शनिदेवाला?"

शेवटी नानांनीच दुकानातून आणलेली सुतळी चौकटीला आडवी बांधली. बेलिफानं गाठीवर लाख ओतून शिक्का मारला, 'ताबा दिला' असं लिहिलं, मी खाली सही केली. आत्या बाहेर बोचकं घेऊन बसली होती. आम्ही चावडीपर्यंत पोचलो नसू, तोवर ती सुतळीखालून वाकून आत गेली आणि तिनं चूल पेटवली.

नानांनी पुन्हा अर्ज केला. कोर्टानं विचारलं, "तिनं सील तोडलं का?"

"न्हाई, साहेब. सील शाबूत हाय."

"मग आत गेली कशी?"

"वाकून."

असं वाकून जाण्याबद्दल कायद्यात काय लिहिलंय ते शोधायला कोर्टानं पुढची तारीख दिली.

तोवर ताबा सुटू नये म्हणून नाना स्वतःच पहाऱ्याला बसू लागले. दुपारी दुकान बंद करायचं आणि सायकलनं शिंगणापूर गाठायचं. आधी ते बाहेरच ओट्यावर बसत. मग उन्हामुळे आत बसू लागले. आत्यानं त्यांना नावानं कधी हाक मारली नाही. ती म्हणायची, "ए वादी, भाकरी खातू का?"

नाना ताट पुढं ओढत आणि बजावत, "हक्क राखून खातोय हां, आत्या."

"खा की. ठेचा बी घे हक्क राखून."

मी एकदा गेलो तर नाना गळकं छप्पर शाकारत होते. "मालमत्तेची देखभाल," ते वरूनच ओरडले. खाली आत्या मला म्हणाली, "वादी गुनाचा हाय. निस्तं डोस्कं फिरलंय."

शेवटच्या तारखेला मी साक्षीसाठी रजा टाकून कोर्टात गेलो. पुकारा झाला, आत्या आली नव्हती. नानांच्या वकिलाचा चेहरा उजळला. सामनेवाली गैरहजर, म्हणजे तिला उचलून बाहेर काढायचा हुकूम आजच मिळणार. तो बोलायला उठला, त्याआधी नानाच उभे राहिले.

"साहेब, आत्याला ताप हाय. तारीख द्यावी."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्ही कोणाकडून बोलताय?"

"तिच्याकडनं."

वकिलानं त्यांचा सदरा खाली ओढला. नाना बसले नाहीत.

"तुमचं तिच्याशी नातं काय?"

नानांनी टोपी काढली, हातात फिरवली. शेवटी ते म्हणाले, "वादी हाय, साहेब. तिचा."

सगळं कोर्ट हसलं. मला मात्र हसता आलं नाही.

कोर्टाबाहेर नानांनी मोसंबी घेतली. वकील तणतणत निघून गेला. मी नानांबरोबर शिंगणापूरला गेलो. चौकटीला सुतळी तशीच होती. नाना सील सांभाळून वाकले आणि आत गेले. मीही वाकलो.

घोंगडीखालून आवाज आला, "वादी, आलास व्हय? तारीख पडली का?"

"पडली, आत्या."

"कवाची?"

नाना मोसंबी सोलायला बसले.

"लई लांबची. मागूनच घेतली."